झाकण घट्ट होतं, तरी सोडा मेलाच: उघडलेल्या बाटलीतला गॅस कसा टिकवायचा

तक्रार ठरलेली असते. रात्री पाहुण्यांसाठी सव्वादोन लिटरची बाटली फोडली, अर्धी उरली, झाकण कचकचून आवळलं, बाटली फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लासात ओतली तर नुसतं गोड पाणी. मग दोष झाकणाला लागतो आणि पुढच्या वेळी ते आणखी जोरात आवळलं जातं. फरक काहीच पडत नाही.

बहुतेक वेळा झाकण निर्दोष असतं. गॅस बाटलीबाहेर गेलेलाच नसतो. तो बाटलीतच, पण सोड्याच्या वरच्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो आणि तुम्ही झाकण फिरवताच तुमच्या देखत उडून जातो. ‘फुस्स’ आवाज आला म्हणजे सोडा ताजा आहे असं आपण समजतो. खरं तर सोड्यातून आधीच निघून गेलेल्या गॅसचा तो आवाज असतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

बाटली बंद करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी न उघडता अंगठ्याने दाबून बघा. टणक लागली तर झाकण धरतंय. गॅस गेला तो रिकाम्या जागेत. मऊ लागली आणि बाटलीत निम्म्याहून जास्त सोडा असेल तर झाकणातून गळती आहे. खात्री करायची असेल तर बाटली उभीच धरून झाकणासकट पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दाबा. आट्यांमधून बुडबुड्यांची माळ निघाली की गळती पक्की.

नवी बाटली फोडल्याबरोबरच सोडा मेलेला निघाला तर माल जुना आहे किंवा दुकानात उन्हात पडून होता. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतीतून गॅस अगदी सावकाश पण सतत झिरपत असतो. लहान बाटलीत सोड्याच्या मानाने भिंत जास्त असते, म्हणून पाव लिटरची बाटली दोन लिटरच्या बाटलीपेक्षा लवकर मरते. उन्हाळ्यात हे झिरपणं वाढतं. घेतानाच शेजारशेजारच्या दोन-तीन बाटल्या दाबून बघा आणि जी सहज दबते ती परत ठेवा. फक्त थंड बाटलीची तुलना थंडशी करा, कारण बाहेर ठेवलेली गरम बाटली दगडासारखी टणक लागणारच.

बाटलीत सोडा चरचरीत, पण ग्लासात पडला की दोन मिनिटांत बसतो, अशी स्थिती असेल तर बाटलीच्या मागे लागू नका. दोष ग्लासाचा, बर्फाचा किंवा मिसळण्याच्या क्रमाचा आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

रिकामी जागा किती गॅस खाते

कोलासारख्या पेयात कारखान्यातून निघताना लिटरमागे साधारण ७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. बंद बाटलीत त्याच्यावर त्याच गॅसचा दाब असतो, म्हणून तो गुमान बसून राहतो. बाटली फोडली की तो दाब जातो. थोडा सोडा ओतला की त्याच्या जागी घरातली हवा शिरते, आणि या हवेत कार्बन डायऑक्साइड नावापुरताच असतो. आता सोड्यातला गॅस बाहेर पडू लागतो आणि वरच्या जागेत त्याचा पुरेसा दाब तयार होईपर्यंत पडत राहतो. झाकण कितीही घट्ट असलं तरी हे थांबत नाही. जागा जितकी मोठी, तितका जास्त गॅस ती भरायला लागतो. यात तापमानही भर घालतं, कारण थंड पाणी गॅस धरून ठेवतं आणि कोमट पाणी तो सोडून देतं. ० अंशाला एका लिटर पाण्यात वातावरणाइतक्या दाबाखाली सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, ३० अंशाला जेमतेम ०.६७ लिटर.

साध्या पाण्यातल्या विद्राव्यतेवरून हिशोब मांडला तर आकडे असे येतात. बाटली १० टक्के रिकामी असेल तर ४ अंशाला, म्हणजे फ्रीजमध्ये, सोड्यात उरलेल्या गॅसपैकी ९३ टक्के शिल्लक राहतो. पाव रिकामी असेल तर ८२ टक्के. अर्धी रिकामी असेल तर ६०, आणि तळाला पाव भागच उरला असेल तर फक्त ३३ टक्के. हीच बाटली ३० अंशाच्या स्वयंपाकघरात ओट्यावर राहिली तर अर्ध्या बाटलीत ४२ टक्के आणि पाव बाटलीत २० टक्के. फोडताना आणि ओतताना गेलेला गॅस यात धरलेला नाही. फ्रीजच्या बाहेर राहिलेली तळाची पाव बाटली सकाळी गोड पाणी का होते, ते या आकड्यांत आलं. तिथे झाकणाचा संबंधच नाही.

दुसऱ्यांदा उघडल्यावर नुकसान पुन्हा तितकंच होतं असं नाही, कारण रिकाम्या जागेत थोडा कार्बन डायऑक्साइड मागे राहिलेला असतो. पण काही ना काही जातोच. म्हणून ‘आहे का अजून गॅस’ हे बघायला बाटली उघडणं हा सोडा मारायचा सर्वांत सोपा उपाय. बघायचंच असेल तर दाबून बघा.

खरा उपाय: लहान बाटल्यांत काठोकाठ

मोठी बाटली एका बैठकीत संपणार नाही हे आधीच माहीत असेल, तर ती फोडल्याबरोबर उरणारा सोडा लहान बाटल्यांत भरून टाका. दुसऱ्या दिवशी नव्हे, जेवण झाल्यावरही नव्हे, तर पहिला ग्लास भरायच्या आधी.

यासाठी २५० किंवा ५०० मिलीच्या सोड्याच्याच रिकाम्या बाटल्या जपून ठेवा. पाण्याच्या बाटल्या नकोत. सोड्याच्या बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो आणि भिंत जाड असते, ती दाब सोसण्यासाठीच. पाण्याच्या पातळ बाटलीचा तळ दाबाने फुगतो, बाटली उभी राहत नाही आणि तिचं झाकणही या कामासाठी बनवलेलं नसतं. लोणच्याची, जॅमची किंवा सरबताची काचेची बाटली तर अजिबात वापरू नका. फुटली तर काचा उडतात.

मोठी बाटली पाच-सहा तास फ्रीजमध्ये राहिलेली हवी. लहान बाटल्या धुऊन, आतून निथळून, झाकण लावून तिच्याच शेजारी गार करायला ठेवा. कोमट बाटलीत गार सोडा ओतला की भिंतीला लागताच फेस येतो. मोठ्या बाटलीचं झाकण एकदम फिरवू नका. आट्यावर जरा सैल करा, आवाज मंदावू द्या, मग पुढे. लहान बाटली तिरकी धरून सोडा तिच्या भिंतीवरून सोडा, वरून धार धरू नका. मोठी बाटलीही अशी तिरकी धरा की तोंडाशी हवेला वाट राहील. ‘गुळगुळ’ आवाज येत असेल तर हवेचे गोळे आत घुसून सोडा घुसळतायत असं समजा. फेस बसू द्या आणि मानेपर्यंत, झाकणाखाली बोटभरच जागा राहील इतकं भरा. झाकण लावा आणि फ्रीजमध्ये परत ठेवा.

ओतताना थोडा गॅस जातोच. पण नंतर प्रत्येक लहान बाटली एकदाच उघडते आणि एकदाच संपते, त्यामुळे हा सौदा फायद्याचा. अर्धी मोठी बाटली उरल्यावर जाग आली तरीही हे करता येतं. फक्त तोवर एक वाटा गेलेला असतो. तळाला ग्लासभरच उरला असेल तर खटाटोप करू नका, पिऊन टाका.

मुळात दोन माणसांच्या घरात सव्वादोन लिटरची बाटली स्वस्त पडते का, याचाही विचार करावा. शेवटचा अर्धा लिटर मोरीत जाणार असेल तर तिचा स्वस्तपणा बराचसा तिथेच जातो.

फ्रीजमध्ये कुठे

दारातल्या कप्प्यात नको. फ्रीजमधली सर्वांत उबदार जागा तीच, शिवाय प्रत्येक उघडझाप म्हणजे बाटलीला एक हिसका. आतल्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ, उभी ठेवा. आडवी ठेवली तर सोड्याचा पृष्ठभाग वाढतो आणि गॅस जास्त वेगाने वर येतो. बाटली उलटी ठेवायचा सल्लाही बरेचदा मिळतो. झाकण गळत असेल तर त्याने गॅसऐवजी सोडा गळतो, एवढाच फरक. रिकामी जागा आहे तिथेच राहते, तोंडाऐवजी तळाकडे.

फ्रीझरमध्ये ठेवून विसरणं महागात पडतं. पाण्याचा बर्फ होताना तो गॅस बाहेर टाकतो, वर आकारानेही वाढतो, आणि बाटली फुगते किंवा फाटते. झटपट गार करायचं असेल तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला. ६०० मिलीची बाटली त्यात अर्ध्या तासात गार होते.

जेवताना बाटली टेबलावर ठेवू नका. ओता आणि लगेच फ्रीजमध्ये परत. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात तासाभराच्या जेवणात टेबलावरच्या बाटलीचं काय होतं ते वरच्या आकड्यांवरून ताडता येईल.

झाकण खरंच गळत असेल तर

बहुतेकदा कारण चिकटपणा. ओतताना ओघळ आट्यांवर येतो, साखर सुकते, मग झाकण घट्ट झाल्यासारखं वाटतं पण नीट बसत नाही. तोंड आणि झाकणाचा आतला भाग ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा लावा. बाटलीच्या तोंडाच्या कडेवर नख फिरवून बघा. खाच लागली तर ती बाटली बाद. पक्कड घेऊन आवळण्यात अर्थ नाही, प्लॅस्टिकचे आटे सरकतात आणि झाकण कायमचं सैल होतं.

काचेच्या बाटलीचं पत्र्याचं बूच, लहानपणी आपण ज्याचे बिल्ले जमवायचो ते, ओपनरने वाकलं की परत बसत नाही. त्यावर चिमटा लावून बसणारं रबरी वायसरचं बूच मिळतं, ते घ्या. नुसतं खोचायचं रबरी बूच आतल्या दाबाने मध्यरात्री उडतं. मानेत चमचा लटकवून ठेवण्याने काही होत नाही. बाटली उघडीच राहते.

पिळलेली बाटली आणि पंप

उरलेली बाटली पिळून, हवा काढून, झाकण लावायची रीत घरोघरी आहे. तर्क बरोबर वाटतो: रिकामी जागाच ठेवली नाही तर गॅस जाणार कुठे? पण सकाळी ती बाटली बघा. गोल, गुबगुबीत, जणू पिळलीच नव्हती. तिला फुगवलं कोणी? बाहेरून तर काही आत गेलेलं नाही. सोड्यातलाच गॅस बाहेर येऊन भिंती ढकलत बसला. म्हणजे रिकामी जागा शेवटी तेवढीच झाली आणि तिथे तितकाच गॅस गेला. उलट पिळल्यामुळे सुरुवातीला आतला दाब कमी होता, त्यामुळे तो जरा लवकरच गेला. पिळलेली बाटली दोरीने करकचून बांधून तशीच धरून ठेवता आली तर मात्र फायदा होईल. पण एवढं करण्यापेक्षा लहान बाटली सोपी.

झाकणाच्या जागी बसणारे छोटे हातपंप मिळतात. आठ-दहा दट्टे मारले की बाटली टणक होते आणि उघडताना झकास आवाज येतो. मात्र आत गेलेली असते हवा. सोड्यातला गॅस थोपवायला कार्बन डायऑक्साइडचाच दाब लागतो, नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्याच्या जागी चालत नाहीत. दाबाखाली बुडबुडे कमी उठतात, त्यामुळे तासा-दोन तासांसाठी थोडा फरक जाणवतो. रात्रभरात हिशोब पुन्हा तिथेच येतो. पैसे वाचवा.

ग्लासात पडल्यावर मरतो तो

बुडबुडा हवेत तयार होत नाही, त्याला बसायला खरखरीत जागा लागते. फडक्याने पुसलेल्या ग्लासात सुताचे बारीक तंतू राहतात, प्रत्येक तंतूवरून बुडबुड्यांची रांग सुटते. ग्लास धुऊन उपडा घालून वाळवा आणि ओतायच्या आधी गार पाण्याने विसळा. फ्रीझरमधून काढलेल्या बर्फावर हिमाचा खरखरीत थर असतो, त्यावर सोडा पडला की निम्मा फेसातच जातो. बर्फ आधी ग्लासात घ्या, थोडं गार पाणी घालून फिरवा, ते ओतून द्या, मग सोडा घाला. बर्फाचे मोठे खडे चुऱ्यापेक्षा केव्हाही चांगले.

लिंबू सोड्यात सर्रास होणारी चूक म्हणजे भरलेल्या ग्लासात वरून मीठ किंवा मसाला टाकणं. मिठाचा प्रत्येक कण बुडबुड्यांना बसायला जागा देतो, फेस उसळतो, बघायला मजा येते आणि चव बसते. अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर आणि दोन-तीन चमचे पाणी हे सगळं आधी ग्लासाच्या तळाशी पूर्ण विरघळवा. मग बर्फ. मग सोडा, ग्लास तिरका धरून. लांब चमच्याने तळापासून एकदाच वर उचलल्यासारखं करा आणि थांबा. जलजिऱ्याची पूडही अशीच आधी पाण्यात कालवून घ्या.

कोकम सोड्याला आणखी एक पदर आहे. २०० मिलीच्या ग्लासात ४० मिली अमृत कोकम घातलं तर गॅस असलेला भाग १६० मिलीच उरतो, म्हणजे एक पंचमांश झणका मिसळण्यातच गेला. म्हणून मिसळायच्या पेयाला नेहमी ताजी बाटली फोडावी, कालची उरलेली नव्हे. अमृत कोकमही फ्रीजमधलंच घ्या. आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा खारवलेला दाट रस, वापरत असाल तर दोन-तीन चमच्यांत काम होतं, त्यामुळे सोडा कमी पातळ होतो.

गोटी सोडा

हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास पेटंट घेतलेली बाटली आपल्याकडच्या गाड्यांवर अजून टिकून आहे. मानेत काचेची गोटी, तोंडाशी रबरी कडं. आतला गॅसच गोटीला खालून वर दाबून बूच करतो. गोटी आत ढकलली की दाब गेला, आणि दाब गेला की गोटी परत बसणार नाही. या बाटलीत ‘उरवणं’ हा प्रकारच नाही. मानेतल्या दोन खाचा मात्र लक्षात ठेवा. ओतताना त्या बाजूला गोटी अडकवली की ती तोंडाशी येत नाही, सोडा एका धारेत येतो आणि कमी घुसळतो.

रोज सोडा लागणाऱ्या घरासाठी

साधा सोडा नियमित लागत असेल तर सायफन, म्हणजे घरीच पाण्यात गॅस भरून कळ दाबून सोडा काढायची बाटली, घ्या. लिटरभराच्या सायफनला ८ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कॅप्सूल लागते. यात सोडा तळाच्या नळीतून वर येतो, झाकण उघडावं लागत नाही आणि आत हवा शिरत नाही. त्यामुळे फ्रीजमध्ये तो कित्येक दिवस जिवंत राहतो. पाणी फ्रीजमधलं घ्या, खुणेपर्यंतच भरा आणि सरबत आत घालू नका. क्रीम फेटायच्या कॅप्सूल दिसायला हुबेहूब अशाच असतात, पण त्यांत दुसराच गॅस असतो. डबीवरचं लेबल वाचून घ्या.

मोठ्या समारंभासाठी किंवा छोट्या टपरीसाठी सिलिंडर आणि बाटलीला बसणारं गॅस भरायचं झाकण हा पर्याय आहे. मेलेला सोडा खरोखर परत जिवंत होतो तो एवढ्या एकाच मार्गाने. बाटली ४ अंशापर्यंत गार करा, पाऊण भरा, पिळून हवा काढा, झाकण लावा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधून येणारा दाब कमी करणारी चावी, २५ ते ३० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) ठेवून गॅस सोडा आणि नळी जोडलेली असतानाच अर्धा मिनिट जोराने हलवा. मग बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये निवांत राहू द्या. इथे पिळणं उपयोगाचं, कारण काढलेल्या हवेची जागा कार्बन डायऑक्साइड घेतो. गॅस खाद्यपदार्थांसाठीचाच हवा, वेल्डिंगच्या दुकानातला नको. रेग्युलेटरशिवाय जोडू नका, कारण २० अंशाला या सिलिंडरच्या आत सुमारे ५७ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका) दाब असतो आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. चरे पडलेली किंवा पांढुरकी घडी पडलेली बाटली बाजूला काढा. कोरड्या बर्फाचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) तुकडा बंद बाटलीत टाकायचा प्रयोग कोणी सुचवला तर करू नका. ती बाटली फुटतेच.

मेलेल्या सोड्यात खायचा सोडा?

नाव एकच, म्हणून ही कल्पना वारंवार निघते. खायचा सोडा आणि लिंबू एकत्र आले की गॅस सुटतो हे खरं. पण १ ग्रॅम खायच्या सोड्यातून जास्तीत जास्त ०.५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. लिटरला ७ ग्रॅम हवे असतील तर १३ ग्रॅमहून जास्त, म्हणजे अडीच-तीन चमचे सोडा घालावा लागेल, आणि तो संपवायला भरपूर आंबट. त्यातला बराचसा गॅस फेसाबरोबर उडून जाणार आणि उरणार ते खारट, औषधी पाणी.

त्यापेक्षा मेलेला साधा सोडा कांदाभज्यांच्या किंवा बटाटेवड्याच्या पिठात पाण्याऐवजी घाला. मेलेला कोला ताज्या, गार साध्या सोड्यात निम्मा-निम्मा करून लगेच प्या. गोडी कमी होते, आणि उन्हाळ्यात बऱ्याच जणांना तो तसाच जास्त आवडतो.